गाढ झोपेवर पहारा

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. उद्या आपल्या कामाचं नाव झालं तर सुरुवात कशी झाली याचा रेकॉर्ड पाहिजे.
लातूरहून आमच्या कंपनीच्या चन्नबसप्पा सरांचा फोन. शाळांसाठीचे आपले लॅपटॉप झाकण लावून ठेवले की रात्रीतून बॅटरी संपते, दप्तरात गरम होतात. सतरा तारखेला लातूरला संस्थाचालकांसमोर डेमो. जमलं तर मी पर्मनंट, नाही तर मार्चअखेर करार संपला. मी म्हणालो, सर, किरकोळ काम आहे.
लगेच बायकोला, विशाखाला फोन. पर्मनंट झालोच म्हणून समज, नायगावची कंत्राटी नर्सची नोकरी सोड, लेकीला, प्रियूला घेऊन नांदेडला ये. राजीनामा आजच लिही. ती म्हणाली, बघू. आनंदाने तिला बोलता येईना.

४ मार्च
सापडलं! झाकण लावल्यावर सिस्टीम झोपते, पण आमचा प्रोसेसर नुसता डोळे मिटून पडतो. त्याच्या झोपेला पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर डुलकी, तळाशी गाढ झोप. बॅटरी वाचते ती तळाशीच. आमच्याकडे वायफाय त्याला खाली उतरू देत नव्हतं. वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला. संध्याकाळपर्यंत बॅटरी जागची हलली नाही.
अमान (माझ्यासोबतच लागलेला, माझ्यासारखाच इंजिनिअर, पण घाईचा) म्हणाला, झालं की, सरांना कळवून टाका. असं कसं कळवायचं? खात्री नको?

५ मार्च
खात्रीसाठी छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. नाव ठेवलं ‘पहारेकरी’. मिनिटामिनिटाला अलार्म लावून मशीनला उठवायचं, प्रोसेसर गाढ झोपला होता का बघायचं, नोंद करायची, परत झोपवायचं. मलाच माझं कौतुक वाटलं.

६ मार्च
सकाळी बॅटरी शून्य. मशीन तव्यासारखं. लॉग उघडला, तर प्रत्येक नोंदीला प्रोसेसर जागा! बरं झालं पहारा लावला. नाही तर हा रोग कळलाच नसता.

८ मार्च
ड्रायव्हर परत बदलला. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बदलला. काही नाही. आता पहारा दर अर्ध्या मिनिटाला. बॅटरी आणखी लवकर संपली, म्हणजे रोग वाढतोय.
मला वाटतं चिप बनवणाऱ्यांनी नांदेडचं ऊन धरलेलंच नाही. त्यांना कडक मेल लिहिला. उत्तर नाही. घाबरले असतील.

११ मार्च
अमान म्हणाला, एक दिवस पहारेकरी काढून बघू. मी त्याला शांतपणे समजावलं, पेशंट सीरियस असताना नर्सला घरी पाठवतात का? तो आपल्या मशीनकडे वळला. पटलं.
घराचं पण बघितलं. तरोड्याला दोन खोल्या, पाणी रोज. मालकाला सांगितलं, बायको, लेक, आई सगळे येणार.

१२ मार्च
दुपारी नेहमीप्रमाणे विशाखाला फोन, प्रियू झोपली का विचारायला. आठ महिन्यांची लेकरं दुपारी झोपलीच पाहिजेत. मागून रडण्याचा आवाज. विशाखा म्हणाली, ‘अहो, तुमच्या फोननंच उठून राहिली ती. झोपली की मीच मिस कॉल देते की.’
बापाचं काळीज तिला कसं कळणार! मिस कॉलची वाट बघत बसलो. बसवेना. मीच लावला. प्रियू जागीच होती. डॉक्टरला दाखव म्हणालो. विशाखानं फोन ठेवला.

१५ मार्च
काही सुचत नाही. जेवण जाईना. ऑफिसात पंखा चालू असून शर्ट भिजतो. पहारा आता दर दहा सेकंदाला. तरी एकदाही झोपलेला सापडत नाही. एकदा तरी सापड ना बाबा!
हे हुकलं तर विशाखाला काय तोंड दाखवू? माझ्या शब्दावर तिनं नोकरी सोडली असेल. राजीनाम्याचं विचारायचा धीर होत नाही. फोन करतो, प्रियूचं विचारतो, ठेवतो.

१७ मार्च, लातूर
सकाळच्या एसटीने दोघं आलो. माझ्या बॅगेत एक लॅपटॉप, अमानच्या बॅगेत एक. लोहा गाव येईपर्यंतच माझी मांडी भाजायला लागली. खिडकीतलं ऊन असेल म्हणालो.
हॉल भरलेला. मी प्रोसेसरच्या पायऱ्यांवर बोललो. चांगलं बोललो. मग झाकण उघडलं. काळी स्क्रीन. बटण दाबलं. काळीच.
अमाननं त्याचा उघडला. क्षणात चालू. बॅटरी नांदेडहून निघताना होती तेवढीच. टाळ्या पडल्या.
सरांनी विचारलं, याच्यात वेगळं काय केलं? अमान माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘काहीच न्हाई, सर. घडीघडीला उठवून, झोपला का म्हणून विचारणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते काढलं.’
संस्थाचालक पोट धरून हसले. सर हसले नाहीत. जेवणानंतर बाजूला घेऊन म्हणाले, ‘आनंदराज, तुमचं मार्चअखेरपर्यंतच धरा.’
त्या मशीनमधला ड्रायव्हर माझा होता. चार तारखेला बदललेला, पहिलाच. हे इथं लिहून ठेवतो, कारण तिथं कुणी विचारलं नाही.

१८ मार्च
दिवसभर मिस कॉलची वाट बघितली. आला तेव्हा फोन लावला. सगळं सांगितलं. हात जोडून म्हणालो (फोनवर हात जोडले), पाया पडतो, राजीनामा परत मागून घे, वाटलं तर मी येऊन तुझ्या साहेबांशी बोलतो.
ती हळू आवाजात म्हणाली, ‘दिलाच न्हाई मी. तुमचं पक्कं होऊस्तोवर थांबले होते.’
चिडायला पाहिजे होतं. नवऱ्याच्या शब्दावर एवढाही भरवसा नाही? पण मी पायरीवर बसून रडलो. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, एकतीसला सामान घेऊन इकडंच या, मी ड्युटीवर गेल्यावर प्रियूला बघायला कुणीतरी पाहिजेच.
किती दिवसांसाठी, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.