मामांचा बॅनर आणि वाढवलेला वेग

चिरंजीव युवराज यास चौसाळ्याहून तुझ्या दाजींचा आशीर्वाद. पुण्यात तब्येत ठीक असेल, मेसचं जेवण सोसत असेल. इकडे खुशाल म्हणावा असा एकटा कॉम्प्युटर आहे, तोही परवापासून.

दिवाळीत तू आमच्या बॅनरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला मेमरीच्या दोन पट्ट्या बसवल्यास आणि बायोसमध्ये शिरून त्यांचा वेग बत्तीसशेचा छत्तीसशे केलास. "ओव्हरक्लॉक केलंय दाजी, आता पळंल," म्हणालास. पळाला. बसला तो नेमका मामांच्या (तुझ्या वडिलांच्या, सासरे म्हणून मी त्यांना आधीच बिचकून असतो) पंचाहत्तरीच्या बॅनरवर. शुभेच्छुक बेचाळीस. (एकही गाळता येत नाही, गाळलेला माणूस पुढची निवडणूक होईपर्यंत विसरत नाही.) तिसाव्या फोटोच्या पुढे गेलं की पडदा निळा आणि कॉम्प्युटर आडवा. यूपीएस बदलला, पंखा पुसला, तरी निळा. नऊ वेळा.

आता आमच्या धंद्यात कोरा बॅनर कुणी करत नाही, हे तुला ठाऊक आहे. जुनी फाईल उघडायची, फोटो बदलायचा, मजकूर बदलायचा. मी उघडलेली फाईल पाटोद्याकडच्या एका दिवंगत सरपंचांची होती. मजकूर मी बदलला होता, देवाशपथ. पण नवव्यांदा उठल्यावर कॉम्प्युटरने मधेच जपून ठेवलेली प्रत पुढे केली. फोटो मामांचा, मजकूर सरपंचांचा. मी राहिलेले फोटो घाईघाईत चिकटवले आणि फक्त डोकी मोजली. बेचाळीस भरली. छापला, गुंडाळला, मामांच्या गावी जाणाऱ्या दिंद्रुडच्या गाडीत टाकला.

सकाळी चौकात मामांच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'शोकाकुल' म्हणून बेचाळीस जण हसताना. माजलगावहून दोन गाड्या सांत्वनाला आल्या. त्यांना चहा मामांनीच दिला. मग मला फोन केला. "जावई, लई घाई हाय का तुमाला?" एवढंच बोलून ठेवला. तुझी ताई वाढदिवसाला आधीच तिकडे गेली होती. "जित्या बापाला मारणाऱ्याच्या घरी मी येत न्हाई," म्हणाली. अकरा दिवस झाले. मी रोज तिच्या तुळशीला पाणी घालतो. सुकली तर तेही माझ्याच नावावर जाईल.

शेवटी पेनड्राइव्हवरून मेमरीची तपासणी लावली. लाल ओळीच ओळी. एक पट्टी काढली, पास. दुसरी एकटी ठेवली, पास. दोन्ही मिळून नापास. वेग पुन्हा बत्तीसशेवर आणला आणि चार फेऱ्यांत एक चूक निघाली नाही. म्हणजे दोष पट्ट्यांचा नाही, माझा तर नाहीच. वाढवलेल्या वेगाचा आहे. तू समजूतदार आहेस. अधिक लिहून तुझा जीव जाळत नाही.

तुझे दाजी,
त्रिंबक

ता.क. – या रविवारी दिंद्रुडला जा आणि ताईच्या समोर मामांना सांग की वेग तू वाढवलास. तू पोटचा पोरगा. दोन शिव्या देतील आणि जेवायला वाढतील. मला पाणीसुद्धा विचारणार नाहीत.

ता.क. दुसरा – तू ठेवलेल्या छत्तीसशेवरही तपासणी लावून पाहिली होती. पास झाली. त्याचे अडतीसशे मी केले, बॅनर हातात घ्यायच्या आदल्या दिवशी. बेचाळीस फोटो पटकन उरकावेत म्हणून. मामांनी विचारलं ते बरोबरच होतं, घाई होती. हे पत्र वाचून फाडून टाक. रविवारी मात्र जा.