मानाचं काळीज

कोल्हार, एप्रिल १९७१

गोरक्षराव यांना चांगुणाचा नमस्कार.

तुमी गुरुवारी मला बघायला येणार, असा सोनईहून अक्काचा निरोप आलाय. आई घाबरलीय. जत्रेला तुमी दाजींचे भाऊ म्हणून जेवायला आलतात, तेव्हा जावयाच्या मानाचं बोकडाचं काळीज मी तुमच्या ताटात वाढलं. सगळी पंगत हसली. तुमी मान खाली घालून खाल्लंत. आई अजून मला वेंधळी म्हणती, मी ऐकून घेते.

पुस्तकात हृदय लिहितात, रेडिओवर दिल म्हणतात. आमच्या चुलीपाशी काळीजच.

हे पत्र मी काय टाकायची न्हाई. पण गुरुवारी आई माफी मागाय लागली तर हसू नका. दाजींचं ताट कुठलं, ते मला पक्कं ठाऊक हुतं.

तुमची म्हणायला अजून गुरुवार यायचाय, म्हणून नुसती
चांगुणा