गोठ्यातली कवायत

श्रीगोंदा, मळ्यातून
६ जानेवारी १९९६

प्रिय सीमाआत्या,

तुला आणि महेंद्रमामांना वाकून नमस्कार. आई बरी आहे, चंद्री म्हैस दूध देतेय, हरभरा घाट्यावर आलाय. झाली खुशाली. आता खरी बातमी. आत्या, मी कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन आले! स्वतःच्या पायांनी!

गेल्या वर्षीच्या सहलीत सरांनी मला पायथ्याच्या बारी गावातच बसवलं होतं, सगळ्यांची दप्तरं राखायला. "तुझं वजन बघ, तुला झेपायचं नाही," म्हणाले. पोरी देवीचं कुंकू लावून खाली आल्या तेव्हा मी दप्तरांच्या ढिगाशेजारी नाक पुसत बसले होते. मग तुला ते रडकं पत्र लिहिलं आणि तू नाशिकहून, तुझ्या शाळेतल्या मुलींना शिकवतेस ते व्यायाम स्वतःच्या आवाजात भरून, कॅसेट माझ्या शाळेच्या पत्त्यावर धाडलीस.

घरात ती लावायची सोय नव्हती. का, ते तुला माहीत आहे. म्हणून टेप गोठ्यात नेला. सकाळी आई धार काढायची आणि मी गव्हाणीपाशी उठाबशा. "गुडघे वाकव, पाठ ताठ, श्वास सोड, शाब्बास पोरी!" सुरुवातीला तुझं शाब्बास यायचं तेव्हा मी वैरणीवर आडवी पडलेली असायचे. तू बघत नव्हतीस ते बरं!

वजन थोडंच उतरलंय, गणवेश अजून तोच आहे. पण विहिरीवरून भरल्या कळश्या आणताना धाप लागत नाही.

यंदाही सर म्हणाले, "रेश्मा, तू खालीच थांब." मी म्हटलं, "सर, या वर्षी दप्तरं गाडीतच राहू द्या." वर्ग हसला, पण या वेळी मला नाही.

लोखंडी शिडीवर माझी मैत्रीण जयमाला मधेच थिजली, रडायलाच लागली. मी तिच्या मागे होते. माझ्या तोंडून तुझंच निघालं, "खाली बघू नको. पाय उचल, श्वास सोड, शाब्बास पोरी!" मागच्या सगळ्याजणी तेच ओरडत चढल्या. माथ्यावर कुंकू लावलं आणि घसा बसेपर्यंत ओरडले.

दादांबद्दल लिहायचं इतका वेळ टाळलं. तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हापासून दादांनी आपल्या या सख्ख्या बहिणीचं नाव घरात काढू दिलेलं नाही. कॅसेटवर कोण बोलतंय, असं त्यांनी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, रेडिओवरच्या बाई आहेत. त्यानंतर धारेच्या वेळी ते गोठ्याकडे फिरकले नाहीत.

मी सहलीला गेले आणि आईनं एकटीनं टेप लावला नाही. चंद्रीला तुझ्या आवाजाची इतकी सवय झालेली की तिनं पान्हाच चोरला. रेडकू सोडून बघितलं, पेंड टाकून बघितली, थेंब नाही. दादा स्वतः धारेला बसले तर लाथेनं बादली उडवली. शेवटी त्यांनीच उठून टेपचं बटण दाबलं.

"गुडघे वाकव" ऐकताच चंद्रीनं पान्हा सोडला. आई सांगते, बादली भरली तरी दादा उठेनात. कॅसेट संपेपर्यंत तसेच बसून होते. मग म्हणाले, "सीमीचा आवाज बसलाय. पयल्यापास्नं घसा जपत न्हाई ती."

काल मी त्यांना विचारलं, आत्याला पत्रात काय लिहू? गव्हाणीत कडबा टाकत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॅसेट झिजली म्हनावं, दुसरी पायजे. आन् टपालानं न्हाई धाडायची. संक्रांतीला दाजींना घिऊन ये, तवा आन म्हनावं."

दाजी म्हणाले, आत्या! मी नीट ऐकलंय, आईनंही ऐकलंय. ती चुलीपुढे बसून रडतेय आणि धूर लागला म्हणतेय.

या वेळचं शाब्बास मला समोर उभं राहून ऐकायचंय. ये.

आता कधीच खाली न थांबणारी,
तुझी रेश्मा