आप्पांना बसवलं का

नळदुर्ग,
९ जानेवारी १९६५

चि. शिवलिंग,

अक्काचा आशीर्वाद. तारामतीला आणि मुलांनाही सांग. इथं थंडी पुष्कळ आहे, ज्वारी हुरड्याला आली आहे, आणि माझी शाळा सोमवारपासून परत सुरू झाली. मुली दोन दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या, आता पुन्हा पहिल्यासारखा गोंधळ घालतात. बरंच आहे ते.

तुझं पत्र परवा मिळालं. एवढा मोठा प्रोफेसर, आणि पत्र पोस्टकार्डाएवढं. तुला इथं यायला तोंड नाही असं लिहिलंस, आणि खाली एकच प्रश्न. आप्पांना बसवलं का?

सांगते. पण माझ्या पद्धतीनं सांगू दे. तुझ्यासारखं नेमकं बोलायला मला जमत नाही.

तू विलायतेहून आलास तेव्हा आप्पांचा खुबा क्षयानं पार खाल्ला होता. त्यांचं कण्हणं आडतीवर बसलेल्या शेतकऱ्यांना ऐकू जायचं. तू त्यांना हैदराबादला नेलंस, हाडाला हाड जोडून तो सांधा कायमचा बंद केलास, आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये घालून ठेवलंस. परत आले ते काठी टेकत, पण चालत. दुखणं गेलं ते गेलंच. त्या वर्षी आप्पांनी ज्याला त्याला तो पाय दाखवला. ज्वारी घेऊन आलेल्या माणसाला आधी मांडीवर बुक्की मारायला लावायचे. "मार की जोरात. दुखतंय का बघ. माझ्या लेकाचं काम हाय." मापाडी हसायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

मांडी घालता येणार नाही हे तू आधी सांगितलं होतंस. आप्पा म्हणाले होते, मांडी घेऊन काय करू, झोप दे. तेव्हा ते खरंच होतं. पण माणसाला झोप मिळाली की बाकीचं आठवायला लागतं.

त्यांनी सुताराकडून एक उंच स्टूल करून घेतलं. लग्नाला गेले तरी ते बरोबर. सगळी पंगत खाली आणि आप्पा एकटे वर, ताट दुसऱ्या स्टुलावर. पोरं हसायची. आप्पा म्हणायचे, "हसा, हसा. तुमच्यात राजा एकच." माझ्या सासरकडच्या एका लग्नात कुणीतरी त्यांना पंगतीच्या कडेला, चपलांपाशी बसवलं. त्यानंतर ते लग्नाला जायचे, पण जेवत नसत. पोट बिघडलंय म्हणायचे. हे तुला कधी कळवलं नाही. त्यांनी कळवू दिलं नाही.

पूजा ते दार लावून करायचे. एकदा आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून मी दार ढकललं. त्यांनी जमिनीवर घोंगडी अंथरली होती आणि भिंत धरून खाली बसायला गेले होते. खुबा वाकेना, म्हणून कुशीवर कोसळले. इष्टलिंग धरलेला डावा हात तेवढा वर. मला बघून रागावले, "जा की, बघतीस काय?" मी त्यांना उठवून स्टुलावर बसवलं.

तुला तिकडं बसून हे सगळं दुसऱ्या वाटेनं कळत गेलं, हे मी जाणते. एका दिवाळीला आला होतास तेव्हा ओसरीवर बसून मला सांगत होतास, की विलायतेतली माणसं खुर्चीवर जेवतात, खुर्चीवर बसून काम करतात, तिथं खुबा बंद केला तरी त्यांचं चालतं. आपल्याकडं विणकराला मागापाशी बसायचं असतं, बाईला चुलीपुढं, मुसलमानाला नमाजाला. तू म्हणालास, मी दुखणं काढलं आणि माणसाला त्याच्या घरातून उठवलं. आप्पा आत जागे होते. त्यांनी ते ऐकलं असणार.

मग तू तो नाद घेतलास. सांधा बंद न करता खराब हाड काढायचं, पाय थोडा आखूड झाला तरी चालेल, पण माणूस खाली बसला पाहिजे. वर्षानुवर्षं तेच. तारामती लिहायची, यांना घर आठवत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसांचे मांडी घातलेले फोटो तू पाठवायचास. आप्पा ते चष्मा लावून, उजेडात नेऊन बघायचे. चेहरे नाही, पाय बघायचे.

आणि तू लिहिलंस, आप्पांना घेऊन ये, मी त्यांचा सांधा सोडवतो.

मी तेव्हा कळवलं की आप्पा वयामुळं नको म्हणतात. आप्पांनी तसंच लिहायला लावलं होतं. खरं कारण आता सांगते, कारण आता कुणाची मनाई नाही. ते म्हणाले होते, "पुन्हा पाय फाडला की गाव काय म्हनंल? पहिलं चुकलं म्हनून दुसरं केलं. बापाच्या पायावर शिकून घेतलं म्हनतील." मी म्हटलं, गावाला काय करायचंय, तुम्हाला बसायचंय ना? तर म्हणाले, "मला बसायचं हाय. पर त्याला उभं राहायचं हाय."

तुझा बाप असा होता. मला त्यांचा राग येतो, शिवू. तुझा येतो त्यापेक्षा जास्त येतो. तुम्ही दोघं एकमेकांची अब्रू सांभाळत बसलात आणि एका माणसाची मांडी तशीच राहिली.

डिसेंबरात त्यांना ताप आला. छाती भरली. मी तुला कळवते म्हटलं तर म्हणाले, मुंबईत त्याचं व्याख्यान आहे, देशभरातले डॉक्टर येणार आहेत, त्याचं लक्ष मोडू नको. मला वाटलं ताप उतरेल. त्यांना तसं वाटत नव्हतं. जायच्या आदल्या दुपारी मला जवळ बोलावून दार लोटायला सांगितलं. जे सांगितलं ते मी अजून कुणाला बोललेली नाही. बंडप्पा चुलतभाऊ, त्याला अर्धं सांगावं लागलं, पण तुला तर सगळंच सांगायला हवं.

म्हणाले, "मी गेलो की शिवूला बोलीव. त्याच्याकडनं सांधा सोडवून घे, मग मला बसवा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नगं. त्यानं जोडलंय, त्यालाच ठावं कुठनं सोडवायचं." मी रडायला लागले तर हसले. "जित्यापनी केलं असतं तर गावानं बघितलं असतं. आता दार लावून करंल. कुनाला कळतंय?"

हे सगळं त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. एकच धरलं नव्हतं, की व्याख्यान देऊन तू परत यायच्या आतच ते जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मी हैदराबादला तार केली, तारामतीनं ती पुढं तुला मुंबईला पाठवली. आप्पा गेले, ताबडतोब ये. एवढंच. बाकीचं तारेत कसं घालू? इथला तारबाबू घरी जाता जाता पानपट्टीवर तारा वाचून दाखवतो.

तूच लिहिलं आहेस की तार दुपारी तुझ्या हातात पडली, व्याख्यान संध्याकाळी होतं, ते देऊन निघू म्हणालास, आणि तोवर सोलापूरची मेल गेली. तू हे लिहिलं नसतंस तर मला कळलंही नसतं. लिहिलंस, त्याचं मोल मला आहे. आप्पा असते तर तेच म्हणाले असते, आधी बोल, मग ये. पण माणसांना मांडी घालून कसं बसवायचं हे तू तिथं सांगत होतास, आणि इथं आम्ही त्यासाठीच तुझी वाट पाहत होतो. हे माझ्या मनातून जात नाही. जाईल तेव्हा जाईल.

आपल्यात माणूस गेला की अंग ताठायच्या आत मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात, हे तुला सांगायला नको. आप्पा बाजेवर आडवे. येणारा प्रत्येक जण दारातच थबकायचा, "अजून बसवलं न्हाय?" मी म्हणायची, शिवू येतोय. बंडप्पा मोटारस्टँडवर उभा. सोलापूरची गाडी आली की जाऊन बघायचा, हैदराबादची आली की तीही बघायचा. दिवस गेला, रात्र गेली. सकाळी तुझी तार आली. येणं जमत नाही, थांबू नका.

तुला काय ठाऊक आम्ही कशासाठी थांबलो होतो. दोष देत नाही. नाही, देते थोडा.

मग बंडप्पा मला परसात घेऊन गेला. म्हणाला, "अक्का, सुताराला आनतो. खुब्यावर एक ठोका. मेलेल्या मानसाला काय दुखतंय?" तो वाईट बोलत नव्हता. काकांना बसलेलं बघावं अशी त्याचीही इच्छा होती. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग सगळ्यांपरीस येगळं न्यायचं का त्यांना? मी परत नाही म्हटलं. तेव्हा बंडप्पानं आणि बाकीच्यांनी एकदा तसंच बसवून पाहिलं, भिंतीला टेकवून, छातीला उपरणं बांधून. खुबा होता तसाच. आप्पा एका अंगाला घसरत राहिले, सगळ्या लोकांसमोर. मी ओरडले, पुरे.

मठाच्या स्वामींनी बरं केलं. म्हणाले, "निजवा त्यास्नी. शिव काय मांडी बघून घेत न्हाय." बसवून न्यायचं विमान सजवून ठेवलं होतं ते तसंच राहिलं. बाजेवरूनच नेलं. लिंग हातात ठेवलं, हात छातीवर बांधले, आणि निजवून माती दिली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. आप्पा बसले नाहीत.

तुझे रोगी मांडी घालून बसतात, त्यांच्या बायका चुलीपुढं बसतात, हे मी विसरलेली नाही. आप्पांना बसता आलं नाही म्हणून ते रोगी बसले, हेही मला कळतं. आप्पांना तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण मी त्या लोकांची कुणी नाही, शिवू. मी आप्पांची मुलगी आहे.

आता एक काम राहिलं आहे आणि ते माझ्याच्यानं होत नाही. मळ्यात आपल्या सगळ्यांच्या समाध्या आहेत, आजोबांची, आजीची, आईची. सगळ्या चौरस, बसलेल्या माणसाला पुरतील एवढ्या. नबीलाल गवंडी दोनदा येऊन गेला. विचारतो, "अक्का, चौरस बांधू का लांब?" लांब बांधली तर मळ्यावरून जाणारा येणारा विचारील, हे असे का निजले, आणि आप्पांनी जे सारा जन्म झाकलं ते दगडात राहील. चौरस बांधली तर त्यांचे पाय बाहेर राहतात.

मी नबीलालला सांगितलं आहे की डॉक्टर येतील, ते सांगतील. तोंड नसलं तर तसाच ये.

अजून वाट पाहणारी,
तुझी अक्का
इरम्मा