त्या शुक्रवारचा बंद फोन

अण्णा, या शहरात भाजीवाल्यालाही अण्णा म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही, त्यामुळे तुम्ही गेल्यावरही हा शब्द माझ्या तोंडून रोज जातो. आज मात्र तुम्हालाच म्हणते आहे, माझ्या वडिलांना. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती सांगू शकणारे तुम्ही एकटेच होतात.

आधी माझ्या कामाचं सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी मोबाइल कंपनीत नुकती लागले होते आणि तिथे नक्की काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगायला जमलं नाही. लढाई, पूर, भूकंप असं काही झालं की सगळे एकाच वेळी फोन करायला लागतात आणि मग कुणाचाच लागत नाही. अशा वेळी पोलिस, अग्निशमन, दवाखाने, वीज, पाणी, रेल्वे यांचे फोन चालले पाहिजेत, बाकीच्यांनी थांबावं, असं सरकारचं धोरण आहे. कोणते नंबर चालू ठेवायचे याची आमच्या कंपनीपुरती यादी मी सांभाळते. गेल्या महिन्यात त्याचा सराव झाला. बरकतपुरा ते काचीगुडा एवढ्या भागातले साधे फोन एका दुपारी वीस मिनिटं बंद ठेवले आणि यादीतले चालू राहतात का ते पाहिलं. आधी कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलं होतं. सांगितलं तर लोक आदल्या दिवशीच बोलून घेतात आणि सराव खोटा ठरतो. तुम्हाला हे मी काय समजावणार? तुमच्या एक्स्चेंजमध्येही हेच झालं होतं.

मी तेव्हा चौथीत आहे. सीमेवर दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर उभ्या आहेत, रेडिओ दिवसभर चालू असतो, आणि आपल्या गल्लीत एकच फोन आहे, आपला, तोही तुम्ही टेलिफोन खात्यात म्हणून मिळालेला. समोरच्या घरातल्या खालांचे मियां सौदीत एका गॅरेजात मेकॅनिक आहेत आणि दर शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आपल्याकडे येतो. त्या शुक्रवारी खाला नेहमीपेक्षा लवकर आल्या आहेत. आई शाळेत शिकवून येऊन स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळते आहे, आणि खाला दाराशी पाटावर बसल्या आहेत, फोन दिसेल अशा बेतानं. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे की आज काय ठरायचं आहे. मियांचा करार संपत आला आहे, आणखी दोन वर्षांसाठी सही करायची की परत यायचं हे त्यांनी बायकोला विचारलं आहे, आणि आज ती उत्तर देणार आहे. एक वाजतो, दोन वाजतात. खाला उठून रिसीव्हर कानाला लावतात आणि परत ठेवतात. मीही लावून पाहते. आत काहीच नाही, तो नेहमीचा घुंऽऽ आवाजसुद्धा नाही. चार वाजता त्या चपला घालून निघून जातात.

संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा त्या परत आल्या. बरोबर शेजारच्या दोघीतिघी होत्या. तुम्ही पाय धुवत होतात. त्यांनी विचारलं, "भाईसाब, फोन कू क्या हुआ?" तुम्ही वर न पाहता म्हणालात, "केबल में पानी गया." मी मध्येच बोलले, "अण्णा, तुम्ही आत्ता जाऊन जोडून द्या ना, तुमच्याच तर हातात आहे." त्यावर तुम्ही माझ्यावर असे ओरडलात की माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. "फोन आपला नाही, सरकारचा आहे! परत असं बोललीस तर याद राख!" तुम्ही मला त्याआधी कधी ओरडला नव्हतात, आणि नंतरही नाही.

मियांनी दोन वर्षांसाठी सही केली. त्या काळी सौदीहून मधेच येणं सोपं नव्हतं. गल्लीनं ठरवून टाकलं की टेलिफोनवाल्याच्या घरचा फोन ऐन वेळेला बंद पडला आणि एका बाईचा नवरा दोन वर्षं लांबला. नारायणगुड्याच्या बाजारात आईला एकीनं ते तोंडावर ऐकवलं. आई घरी येऊन तुम्हाला म्हणाली, "तुमच्या खात्यापायी तिचा संसार अडला." मग कितीतरी दिवस ती तुम्हाला वाढायची, पण शेजारी बसायची नाही. तुम्ही भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून खाली मान घालून जेवायचात. मला तुमची कीव यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी कसं येतं ते कळायचं नाही.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, "ती केबल नव्हती. वरून हुकूम होता. लढाई झाली तर कुणाचे फोन चालू ठेवायचे त्याची यादी बंद पाकिटात आली होती, तिचा सराव होता. बाकीच्या लाइनी आम्हीच तोडल्या. प्रत्येक लाइनीत लाकडाची एक पाचर सरकवायची, बस. आपल्या लाइनीत मी माझ्या हातानं घातली." एवढं बोलून तुम्ही थांबलात. नर्स सुई घेऊन आली आणि तुम्ही हात पुढे केलात. मला वाटलं, सांगायचं होतं ते झालं. आता वाटतं, ते अर्धंच होतं.

कारण तेवढ्या अर्ध्यावर मी पुढचं सगळं उभं केलं, अण्णा. यादीच्या प्रत्येक बैठकीत मी खालांची गोष्ट सांगते. दिल्लीहून आलेल्या साहेबांनाही सांगितली आहे. म्हणते, पोलिस आणि कलेक्टर ठीक आहेत, पण एका दुपारी एका साध्या बाईचा फोन बंद राहिला तर तिची दोन वर्षं जातात, त्याचाही विचार करा. साध्या लोकांना दर तासाला काही मिनिटं तरी बोलू द्यावं, असा प्रस्ताव मी दोनदा लिहून पाठवला. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा पाठवायचा विचार होता. कंपनीत मला थोडं हसतातही, मॅडमची ती सौदीवाली गोष्ट आली म्हणून.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी मी खालांकडे गेले. त्या अजून त्याच गल्लीत राहतात, घराचे मजले वाढले आहेत आणि त्या वरून खाली आल्या आहेत, गुडघ्यांमुळे. आई गेल्यापासून माझं जाणं नव्हतं. बंद ठेवलेल्या फोनच्या भागात त्यांचं घर येत होतं, म्हणून काहीतरी टोचत होतं, आणि मी पपई घेऊन गेले. त्यांनी मला ओळखायला वेळ लावला नाही. चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली, आणि मग त्यांनी सहज विचारलं, "कल दोपहर कू फोन बंद था. तू फोन के च आफिस में है ना? क्या हुआ था?"

मी म्हणाले, "टॉवर खराब हुआ था, खाला."

त्या हसायलाच लागल्या. पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या. "तेरे बावा बी ऐसा च बोले थे. सब के सामने. केबल में पानी गया!"

मला वाटलं, यांनाही तुम्ही नंतर कधीतरी खरं सांगितलं असणार. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "बाद में नक्को बोल. एक दिन पहले बोले. जुमेरात कू. तेरी अम्मी स्कूल गई थी, तू बी. दरवाजे पे आ को बोले, कल फोन नहीं चलता, किसी कू बोलो नक्को, बात करना है तो आज च कर लो. फिर ट्रंककॉलवालों कू बोल को उनो के गैरेज में फोन लगवा दिये. मैं तुम्हारे घर में च बैठ को बात करी."

मी विचारलं, मग शुक्रवारी चार वाजेपर्यंत आमच्या दारात का बसलात?

"नहीं आती तो सब पूछते ना, इसको कैसा मालूम? तेरे बावा की नौकरी जाती थी."

आणि सही? दोन वर्षं? त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. मग म्हणाल्या, "मैं च बोली, नक्को आओ. उनो आते तो हम सब कू गाँव ले को जाते थे, सास के पास. मेरी तीन बच्चियां यहाँ पढ़ रई थीं. दो साल और मिले तो बड़ी की मैट्रिक हो जाती थी. पन ये मैं किसको बोलती? सब लोगां फोन कू बोले, तो मैं चुप बैठी. तेरे बावा बी चुप बैठे. उनकू सब मालूम था, उनो वहीं खड़े थे."

त्यांची मोठी मुलगी आता एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिचा फोटो भिंतीवर होता. मी त्याकडे पाहत बसले.

तेव्हापासून मी गोंधळले आहे. ओरडताना तुम्ही माझ्यावर चिडला होतात, की घाबरला होतात, मी अजून काही बोलेन म्हणून? आईला एका शब्दानं सांगितलं असतंत तर ती शेजारी येऊन बसली असती. नाही सांगितलंत. गुपित सरकारचं होतं म्हणून, की खालांचं होतं म्हणून? सरकारचं तर तुम्ही आदल्या दिवशीच फोडलं होतंत. सीमेवर फौजा उभ्या असताना बंद पाकिटातली गोष्ट तुम्ही समोरच्या दारात जाऊन सांगितलीत, आणि माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं तर मी त्याच दिवशी त्याला घरी पाठवीन. पाठवीन ना? खालांकडे जाईपर्यंत खात्री होती. तुम्ही आणखी कुणाला सांगितलं होतंत? फक्त त्यांनाच का? आईनं हा प्रश्न कधी स्वतःला विचारला असेल का, म्हणून ती इतके दिवस गप्प होती का, हेही मनात येतं, आणि मग मला माझीच लाज वाटते. तुम्ही पाय धुताना वर पाहिलं नव्हतंत, एवढंच मला पक्कं आठवतं. मी त्याचा अर्थ अपराध असा लावला होता. आता कसलाच लावता येत नाही.

आणि माझ्या प्रस्तावाचं काय करू? साध्या माणसांना बोलू द्यावं हे मला अजूनही पटतं, पण ज्या गोष्टीमुळे पटलं ती तर घडलीच नव्हती. बंद फोननं त्या बाईचं काही बिघडवलं नव्हतं. उलट निवड तिची स्वतःची होती हे झाकायला तो तिच्या कामाला आला. हे मी बैठकीत कसं सांगू? कोणत्या यादीत बसवू? मागच्या सोमवारी प्रस्ताव उघडला, खालांचा परिच्छेद पुसला, मग परत घातला, मग बंद केला. तो तसाच पडून आहे.

हे कागद मी फाडणार नाही. घरात लपवायचीही गरज नाही. तुमच्या नातवाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, आणि त्याच्या बाबांना चार ओळींच्या पुढे कंटाळा येतो. तुम्ही स्वतः उर्दूत शिकलात, मराठी अक्षरं बोट ठेवून वाचायचात, तुम्हालाही हे वाचायला एक दुपार लागली असती. तेवढी दुपार तुम्ही मला दिली असतीत असं वाटतं.

एक मात्र सांगून टाकते. इतकी वर्षं ज्यांच्या नावानं मी भांडले, त्या खालांचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. निघताना दारात हे लक्षात आलं. मागायला हवा होता. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडत माझी दृष्ट काढली, मी "येते, खाला" म्हणाले आणि दारापुढच्या दोन पायऱ्या उतरले. नंबर मागितला नाही.