आबांचा कापलेला फोटो

हॅरो, १४ मार्च २००६

प्रिय प्रमोददादा,

हॅरोहून तुझ्या धम्मशीलाचा जयभीम. आम्ही ठीक आहोत, धाकट्या यशूचा खोकला गेला. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

मुलांची घरं मूळची कुठली, यावर इथल्या शाळेत धडे सुरू झालेत. त्याचं पुस्तक आम्ही पालकांनीच लिहिलं. भारताचं पान मी आणि डॉक्टर अनुराधाताईंनी, दोन महिने त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून. आबांचा शाळेतला फोटो त्यांनीच निवडला होता. सगळी मुलं ओळीत, आणि आबा चार हात लांब, एकटे उभे. जातीमुळे त्यांना लांब उभं केलं होतं, हे मी खाली लिहिलं, तेव्हा अनुराधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काल पुस्तक हातात पडलं. माझा मजकूर गायब. फोटो आहे, पण ओळ संपते तिथेच कापलाय.

मी लगेच फोन केला. म्हणाल्या, "अगं, इथे कशाला ते सगळं? उगाच आपल्या पोरांना चिडवतील."

आपल्या म्हणे! शेवटचं प्रूफ मला न दाखवता त्यांनीच पाठवलं. वर रविवारी जेवायला या म्हणतात. मी पाऊल ठेवणार नाही.

लंडनच्या पुस्तकात माझा फोटो येणार, असं आबा विहारात सगळ्यांना सांगत असतील ना? त्यांना म्हणावं, छपाई लांबलीय. त्या शाळेने त्यांना वर्गाबाहेर बसवलं, पण फोटोत तरी घेतलं होतं.

तुझी,
धम्मशीला