आप्पांचा ओळंबा आणि बारावी जोडी

४ जाने.
घरांच्या फोटोंच्या अकरा जोड्या झाल्या! डावीकडे शहापूर, उजवीकडे मुरबाड. श.: हायवेकडच्या काचा, स्टीलचे कठडे, खाली शटर वर फ्लॅट. मु.: जुन्या बाजारातले लाकडी खांब, कौलं, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. सासर चकाचक, माहेर म्हातारं. मुरबाडच्या वाचनालयाने २६ तारखेला भिंत दिलीय. पासपोर्ट फोटो काढण्यात निम्मं आयुष्य गेलं, आता माझ्या नावाचं प्रदर्शन. मी हवेत.

७ जाने.
मुरबाडला जाऊन आप्पांना फोटो दाखवले. हवा गेली. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले वडील माझे. चष्मा पुसून एकेक बघितला. "मी बांधलेलं एकबी घर नाय यात. मुरबाडात आमी स्लॅब टाकलेच नाय का गो?"
म्हटलं, आप्पा, फरक दाखवायचाय.
"मंग शहापूर तालुक्यात कुडाची घरं नायत? डोळखांबला जा. तुला पायजे तेवढंच बघितलंस."
प्रदर्शनाला येणार नाही म्हणाले. शहापूरला घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते. म्हातारे खरं बोलले, त्याचाच राग.

११ जाने.
डोळखांबच्या पुढचा पाडा. काळूराम आणि भागीबाई, नवराबायको, भात-नाचणी करतात. घर म्हणजे कारवीच्या काड्यांचा कूड, वर शेणमातीचं लिंपण. कोपरा इतका सरळ की आप्पांनीही मान डोलवावी.
कॅमेरा काढला तर काळूराम आत पळाला. धुतलेला शर्ट घालून बाहेर, दारासमोर ताठ, छातीशी आधार कार्ड. घरकुलाच्या अर्जाला असाच फोटो लागतो ना! "बाय, नंबर दिसतोय ना?"
दोनदा सांगितलं, मी सरकारी नाही, मला नुसतं घर हवंय.
"घर आमचंच हाय. मंग आमी नको?"
हसत बाजूला झाला, पुढच्या क्लिकला परत हजर. चाळीस फोटो, त्यात माणसाविना तीन. वैतागले. चहा मात्र झकास होता.

१२ जाने.
स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर बघितले. रिकामे तीन: नीटनेटके आणि मेलेले. काळूरामवाला: घर जिवंत! कार्ड धरलेला पंजा आणि मागचा कूड, एकाच मातीचे. मीच त्याला हाकलत होते. शाबास गं माझी!
बारावीची डावी बाजू मिळाली. उजवी कुठे आहे तेही कळलंय.

१८ जाने.
मुरबाड. आप्पांनी बांधलेलं पहिलं स्लॅबचं घर. गोल बाल्कनी, कठड्यावर सिमेंटचं कमळ. म्हटलं, समोर उभे राहा.
"मी कशाला? घर माजं थोडंच हाय?"
बांधलं कोणी?
आप्पा घरी गेले आणि माळ्यावरचा ओळंबा घेऊन आले. दोरी बोटांत, खाली लोखंडी वजन लटकलेलं, हात अजिबात हलत नाही. "हनुवटी जरा खाली" म्हणायची सवय गिळली. एकच क्लिक. जमलं, जमलं, जमलं!

२२ जाने.
आधीच्या चार जोड्या काढून टाकल्या. नुसत्या मिरवण्याच्या होत्या. आता आठ. जीव हलका.

२६ जाने.
काय दिवस! पार घाटाखालच्या वैशाखरे गावापासून माणसं आली. काळूराम-भागीबाई सकाळच्या एसटीने. आणि आप्पा, इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्यांच्या आधी! बारावी जोडी मधोमध. काळूरामच्या फोटोपुढे आप्पा बराच वेळ उभे. मग त्याला,
"कोपरा कुनी धरला?"
"बापानं."
"ओळंब्याबगर?"
"डोळ्यानं."
आप्पांनी हात जोडले. चारचौघांत. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडून घेतलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

३० जाने.
काळूराम स्टुडिओत. "बाय, ह्यो फोटो अर्जाला चालंल का?" माहीत नाही. दोन प्रती काढून दिल्या. घरकुल मंजूर झालं तर तो कूड जाणार. तरी मंजूर व्हावं, अगदी मनापासून वाटतं. फोटो आहे माझ्याकडे, पावसात त्या घरात राहावं लागतं ते भागीबाईंना.
आप्पांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "मंजूर झालं की कळव. पयला कोपरा मी धरनार. तू कॅमेरा घेऊन ये." ओळंबा आता माळ्यावर नाही, दारामागच्या खिळ्याला अडकवलाय म्हणे.